‘भोक थोडे मोठे करून घ्या’: फेअरिंग संचाच्या नावाखाली झालेली फसवणूक

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलची मूळ फेअरिंग (गाडीच्या पुढच्या भागाचे आवरण) काढून तिच्या जागी रॅलीच्या धर्तीची उंच फेअरिंग बसवण्याचा विचार जे करत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझ्या बाबतीत जे घडले ते केवळ खोटा माल गळ्यात मारण्याइतके सरळ नव्हते. माल खोटा आहे हे ज्या कृतीतून उघड होते, नेमकी तीच कृती विक्रेता ग्राहकाच्या हातून करवून घेतो आणि मग तीच कृती पुढे करून माल परत घेण्यास नकार देतो. ही पद्धत ठरवून आखलेली आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

विक्रेत्याने दिलेल्या वर्णनात सर्व काही चोख होते. फेअरिंगचे कवच पूर्ण कार्बन फायबरचे, आतला टॉवर (कवच आणि दिवा धरून ठेवणारा सांगाडा) अ‍ॅल्युमिनियमचा, विंडस्क्रीन पॉलिकार्बोनेटची (चिवट पारदर्शक प्लॅस्टिकची), एलईडी हेडलाइट मान्यताप्राप्त, आणि संपूर्ण संच माझ्या मॉडेलच्या मूळ बोल्टांवर काहीही न कापता बसणारा, असे त्यात म्हटले होते. सोबत वजनकाट्यावर ठेवलेल्या संचाचे छायाचित्रही होते. ते नीट मोठे करून पाहिल्यास काट्यावर फक्त कवच आहे, टॉवर, दिवा आणि काच नाही, हे लक्षात येते. वर्णनात मात्र तो आकडा संपूर्ण संचाचा म्हणून दिलेला होता. थेट खात्यावर पैसे भरल्यास सवलत देऊ केली होती. या सवलतीचा खरा अर्थ असा, की कार्डाने पैसे दिल्यावर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवण्याची जी सोय असते, ती ग्राहकाने आधीच सोडून द्यावी.

पार्सल उघडल्यावर वरवर काही खटकले नाही. कवचावर कार्बनची वीण स्पष्ट दिसत होती, आणि ती छापलेली नव्हती, कारण कवच फिरवले की विणीवरचा प्रकाश हलत होता. छापील कार्बन ओळखण्याची ही चाचणी बहुतेकांना ठाऊक असते आणि विक्रेत्यालाही ती ठाऊक असते.

अडचण बसवताना सुरू झाली. अशा संचात टॉवर मोटरसायकलच्या फ्रेमवर, स्टिअरिंग हेडच्या (हँडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो त्या जागेच्या) पुढच्या बाजूस असलेल्या मूळ भोकांना बोल्टने जोडला जातो आणि कवच त्या टॉवरवर येते. त्यामुळे फेअरिंगचे वजन हँडलवर न येता फ्रेमवर राहते. टॉवर कसाबसा बसला, पण कवचाची भोके टॉवरच्या भोकांशी जुळेनात. वरची दोन जुळवली की खालची दोन आत सरकत. मी छायाचित्रे पाठवून विचारणा केली. लेखी उत्तर आले नाही, फोन आला. ‘प्रत्येक गाडीच्या फ्रेममध्ये दोन-चार मिलिमीटरचा फरक असतोच. भोक थोडे मोठे करून घ्या आणि मोठा वॉशर टाका, सगळे तसेच करतात,’ असे विक्रेत्याने अत्यंत आपुलकीने सांगितले.

हे स्पष्टीकरण पोकळ आहे. फ्रेमवर एवढा फरक असता, तर कारखान्यातून आलेली मूळ फेअरिंगही बसली नसती. भोके न जुळण्याचे खरे कारण संच तयार करण्याच्या पद्धतीत असते. दुसऱ्या निर्मात्याचा एक अस्सल संच विकत घ्यायचा, त्यावर मेण लावून थेट त्याच्यावरूनच साचा काढायचा आणि त्या साच्यातून नकला पाडायच्या, असा हा उद्योग आहे. तंतू एकत्र धरून ठेवणारे स्वस्त पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. साचा आकसतो आणि त्यातून निघणारी नक्कल पुन्हा आकसते. परिणामी नक्कल अस्सल वस्तूपेक्षा किंचित लहान आणि वाकडी निघते. छायाचित्रात हा फरक दिसत नाही. दिसतो तो बोल्ट लावतानाच.

ड्रिल चालवल्यावर भोकातून पांढरी भुकटी पडली. कार्बन फायबर कापले तर भुकटी काळी पडते, पांढरी भुकटी काचतंतूची म्हणजे साध्या फायबरग्लासची असते. कापलेली कड पाहिली तेव्हा उलगडा झाला. वर कार्बनचा एकच अत्यंत पातळ थर आणि त्याखाली सगळी जाडी काचतंतूच्या चटईची. वरचा थर खरा असल्यामुळेच विणीवरचा प्रकाश हलत होता. सामान्य कार्बन तंतूचा ताठरपणा सुमारे २३० गिगापास्कल असतो, तर काचतंतूचा ७० गिगापास्कलच्या आसपास. म्हणून तेवढाच कणखरपणा आणण्यासाठी काचतंतूचा थर जाड द्यावा लागतो, आणि वजन कमी करण्यासाठी ज्याने पैसे मोजले त्याच्या गाडीवर उलट वजन चढते.

मी त्या कडेची छायाचित्रे पाठवली. या वेळी उत्तर लेखी आले आणि लगेच आले: कापलेला, भोक पाडलेला किंवा रंगवलेला भाग परत घेतला जात नाही, असे विक्रीच्या अटींत नमूद आहे. भोक मोठे करण्याचा सल्ला कोणी दिला, या प्रश्नाला मात्र उत्तर मिळाले नाही. मागचा सगळा पत्रव्यवहार तपासला तेव्हा आढळले, की सवलत, पाठवणी आणि पत्ता यांविषयीचे सर्व संदेश लेखी होते आणि काहीतरी कापण्या-घासण्याविषयीचे प्रत्येक बोलणे फोनवर झाले होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की असा सल्ला फोनवर मिळाल्यास हत्यार हाती घेण्यापूर्वी आपणच लेखी संदेश पाठवावा: ‘आपण फोनवर अमुक भोक मोठे करण्यास सांगितले आहे, त्यामुळे परतीच्या हक्कास बाधा येणार नाही याची लेखी खात्री द्यावी.’ प्रामाणिक विक्रेता याला उत्तर देतो.

भोक न पाडताही बरेच काही तपासता येते. कवचाच्या आतल्या बाजूने पाहावे. तिथे काळा रंग फासलेला असेल आणि नखाने खरवडल्यावर खाली पिवळट-पांढरे दिसत असेल, तर तो रंग कशासाठी फासला आहे हे उघड आहे. कार्बन विजेचा वाहक आहे आणि काच नाही, त्यामुळे उघड्या कडेच्या आतल्या थराला मल्टिमीटरच्या दोन्ही टोचण्या टेकवून पाहाव्यात. तथापि रेझिनच्या आवरणामुळे ही चाचणी कधीकधी फसते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. टॉवरला साधे लोहचुंबक लावावे. माझ्या ‘अ‍ॅल्युमिनियम’ टॉवरला ते घट्ट चिकटले, कारण तो काळा रंग दिलेल्या लोखंडी पत्र्याचा होता.

सर्वांत गंभीर बाब हेडलाइटची होती, आणि तिच्याबद्दल मला आजही चीड आहे. कवच वाकडे असेल तर गाडी कुरूप दिसेल. दिवा खोटा असेल तर समोरून येणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात ई हे रोमन अक्षर आणि त्याला लागून मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स, ११ म्हणजे ब्रिटन. त्याशिवाय जवळच मान्यता क्रमांक आणि दिव्याचा प्रकार सांगणारी अक्षरे असतात. माझ्या दिव्यावर वर्तुळ होते, अक्षर होते, पण देशाचा क्रमांक नव्हता आणि मान्यता क्रमांकही नव्हता. आणखी एक खूण फारशी कोणी पाहत नाही. जिथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथल्यासाठी बनवलेल्या असममित डिपर-झोताच्या (रस्त्याच्या कडेकडे जास्त पडणाऱ्या खालच्या झोताच्या) दिव्यावर आडवा बाण असतो, आणि दोन्ही पद्धतींना चालणाऱ्या दिव्यावर दोन टोकांचा बाण असतो. बाण अजिबात नसलेला असा दिवा उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असतो आणि डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत तो समोरच्याच्या डोळ्यांत झोत टाकतो. अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावावा. चांगल्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला ठळक रेषेने कापलेला दिसतो. माझ्या दिव्याचा झोत भिंतभर पसरला होता. कितीही खाली वाकवला तरी तो सुधारणे शक्य नव्हते, कारण दोष दिव्याच्या घडणीतच होता.

विंडस्क्रीनबाबत थोडक्यात सांगतो. पॉलिकार्बोनेट वाकते, अ‍ॅक्रिलिक तडकते. माझी काच बोल्टाच्या भोकापासून धारदार चीर पडून फुटली, आणि बोल्ट जास्त आवळल्याचे सांगून विक्रेत्याने तोही दोष माझ्यावर ढकलला. संचासोबत बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावण्याच्या द्रवाची छोटी कुपी आली होती. हा द्रव धातूच्या आट्यांसाठी असतो. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांसारख्या प्लॅस्टिकला तो लागल्यास ताण असलेल्या जागी तडे जाऊ शकतात. अस्सल काच असती तरी त्या कुपीने तिचे नुकसान केले असते. काचेच्या बोल्टांना रबरी बुश आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे नट) पुरेसे असतात.

कोणताही संच आला, अगदी अस्सल असला, तरी कायमचा आवळण्यापूर्वी सगळे भाग सैल लावून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. क्लच केबल, ब्रेकचा होज आणि वायरिंग ताणले जात नाही ना आणि हँडगार्ड कवचाला टेकत नाही ना, हे पाहावे. त्यानंतर पट्ट्याने पुढचा फोर्क पूर्ण दाबून मडगार्ड फेअरिंगच्या तळाला आपटत नाही याची खात्री करावी. ही संपूर्ण तपासणी व्हिडिओवर, पार्सलच्या लेबलापासून सलग चित्रित करावी आणि ती होईपर्यंत एकाही भागाला ड्रिल, कानस किंवा रंग लावू नये. भोके जुळत नसतील तर तिथेच थांबावे, कारण परतीचा हक्क त्या क्षणापर्यंतच शाबूत असतो.

ज्या निर्मात्याच्या संचावरून ही नक्कल पाडली होती, त्याला मी पुढे लिहिले. विक्रेत्याच्या जाहिरातीतील छायाचित्रे आपलीच आहेत आणि त्याला आपण कधीही माल पुरवलेला नाही, असे त्याने लेखी कळवले. ते पत्र, कापलेल्या कडेची छायाचित्रे, वजनाचा आकडा आणि दिव्याच्या काचेचा फोटो जोडून मी ज्या विक्री-मंचावरून खरेदी केली होती तिथे नव्याने तक्रार दाखल केली. भोक कोणी पाडले याचा उल्लेख न करता, वस्तू वर्णनाप्रमाणे नाही एवढाच मुद्दा त्यात मांडला, आणि तिथे केलेली माझी पहिली तक्रार कापलेला भाग परत न घेण्याच्या ज्या अटीवर बोट ठेवून बंद केली गेली होती ती अट या मुद्द्याला लागू होत नसल्याने ती स्वीकारली गेली. जाहिरात हटवली गेली आहे. पैशांचा निर्णय अद्याप झालेला नाही. गाडीवर मूळ फेअरिंग आणि मूळ दिवा पुन्हा बसवला आहे, आणि नकली संच पुरावा म्हणून आहे त्या स्थितीत जपून ठेवला आहे.