राइझोबियमचं पाकीट: कुठे फळतं, कुठे वाया जातं

द्विदल पिकांच्या बियाण्याला चोळायचं राइझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून त्यांत हवेतलं नत्र पिकासाठी बांधणारे जिवाणू, हे बाजारात आलेलं पहिलं जिवाणू खत. नोबे आणि हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1896 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं होतं. जिवाणू खतांच्या आजच्या गर्दीतही सर्वांत भरवशाचं उत्पादन हेच, असं आमचं मत आहे. पण एक अट आहे. ज्या जमिनीत ते द्विदल पीक पूर्वी घेतलेलंच नाही, किंवा बऱ्याच वर्षांत घेतलेलं नाही, तिथे फरक डोळ्यांना दिसतो. तेच पीक वरचेवर घेतलेल्या रानात मात्र त्याचे जिवाणू आधीच वस्ती करून असतात. तिथे पाकिटाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

घेताना पिकाचं नाव आधी वाचा. या जिवाणूंचे प्रकार पिकागणिक वेगळे: सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. एकाच्या पाकिटाने दुसऱ्याला गाठी येत नाहीत. 'सर्व कडधान्यांसाठी' एवढंच लिहून आत कोणता जिवाणू आहे ते न सांगणारं पाकीट परत ठेवलेलं बरं. मग जिवंत पेशींची संख्या पाहा. ग्रॅममागे 10 कोटी पेशी असतील आणि 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पावडर वापरली, तर किलोमागे 250 कोटी पेशी होतात. किलोभर सोयाबीनमध्ये साधारण 7 हजार दाणे धरले तर दाण्यामागे साडेतीन लाख. मोठ्या बियांना दाण्यामागे निदान लाखभर पेशी हव्यात. चोळताना, वाळताना, पेरताना बऱ्याच मरतात, हे लक्षात घेतलं तर साडेतीन लाख जास्त नाहीत. म्हणूनच मुदत उलटलेलं किंवा उन्हात राहिलेलं पाकीट फुकट मिळालं तरी घेऊ नये.

लावायची रीत सोपी आहे, चुका बारीकसारीक असतात. 300 मिली पाण्यात 30 ग्रॅम साखर विरघळवा, त्यात पावडर कालवून लापशीसारखं करा आणि 10 किलो बियाण्यावर हलक्या हाताने फिरवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते टाळा. सोयाबीनला पाणी आणखी कमी घ्या. त्याचं टरफल नाजूक असतं, ओल जास्त झाली की सुरकुततं आणि जोरात चोळलं की सुटतं. असं बी उगवत नाही, आणि दोष पाकिटाला दिला जातो. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, राइझोबियम सर्वांत शेवटी. तांबेयुक्त औषध लावलेल्या बियाण्यावर मात्र हे लावणं म्हणजे जिवाणू मारणंच.

पावडर की द्रवरूप? द्रवरूप मोजायला आणि लावायला सोयीचं. पण पेरणी लांबण्याची शक्यता असेल तर पीटमधली (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीतली) पावडर घ्यावी, कारण तिच्या कणांत पेशींना सुकण्यापासून आडोसा मिळतो.

परीक्षा पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी करा. झाड उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. कुदळीने ढेकळासकट काढून बादलीभर पाण्यात भिजवा, माती आपोआप सुटेल. मग मुख्य मुळाजवळची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं लाल रंगाचं प्रथिन) तयार झालंय आणि नत्र बांधलं जातंय. पांढरी गाठ निकामी किंवा अजून कोवळी, हिरवट-तपकिरी गाठ काम संपवलेली. गाठी नुसत्या मोजून उपयोग नाही. बारीक बारीक पांढऱ्या पुष्कळ गाठींपेक्षा मुख्य मुळावरच्या मोजक्या, टपोऱ्या, लाल गाठी कितीतरी मोलाच्या. तुलनेसाठी दोन ओळी बिनलावलेल्या ठेवा, आणि त्या आधी पेरा. नंतर पेरल्यात तर पाभरीला आणि हाताला लागलेले जिवाणू तिकडे जातात आणि तुलना फसते.

गाठीच आल्या नाहीत तर आधी युरिया किती टाकला ते आठवा, त्याचं जमिनीत नायट्रेट होतं. जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की झाड जिवाणूंना साखर पुरवण्याचा खर्च टाळतं. दुसरं कारण आम्लता. सामू (pH) साडेपाचच्या खाली गेला की जिवाणू तग धरत नाहीत आणि मॉलिब्डेनमही कमी पडतं, ज्याच्याशिवाय नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) चालत नाही. तिथे चुना आधी, पाकीट नंतर.

सोबत खपवल्या जाणाऱ्या स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल आम्ही एवढा भरवसा देणार नाही. प्रयोगशाळेच्या बशीत ते छान काम करतात, रानात मात्र मूळच्या जिवाणूंपुढे टिकतीलच असं नाही. त्यांना राइझोबियमसारखं गाठीतलं राखीव घरही नसतं. मायकोरायझा, म्हणजे मुळांच्या सोबतीने जगणारी बुरशी, रोपवाटिकेत, निर्जंतुक माध्यमात वाढवलेल्या रोपांना जरूर द्या, पण थेट मुळांना लागेल अशी. वर भुरभुरवून भागत नाही, कारण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. कोबी, मोहरी, पालक, बीट यांची मुळं तिला जवळ करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी ती विकत घेऊच नये.