एडिटिंग मध्येच बंद पडतंय: प्रॉक्सी बनवाव्यात की फुटेज ट्रान्सकोड करावं?

प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हसारखं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालू कामात धाडकन बंद पडायला लागलं की दोन सल्ले हमखास मिळतात. कुणी म्हणतं प्रॉक्सी बनवा, कुणी म्हणतं सगळं फुटेज प्रोरेससारख्या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या, म्हणजेच ट्रान्सकोड करा. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या दुखण्यांवर. म्हणून आधी एवढंच पाहा: सॉफ्टवेअर टाइमलाइनवर काम करताना बंद पडतं, की एक्स्पोर्ट करताना?

प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत. १०८०पी, २५ फ्रेम्सला प्रोरेस प्रॉक्सीचा डेटा साधारण ३८ मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे तासाला १७ जीबीच्या आसपास. लग्नाचं तीन कॅमेऱ्यांचं सहा-सहा तासांचं शूट असलं तरी ३१० जीबीत मावतं. मूळ फुटेजला हात लागत नाही आणि स्क्रबिंग (टाइमलाइनवर मागेपुढे सरकणं), मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिटिंग), कटिंग सगळं सुरळीत होतं. टाइमलाइनवरच्या क्रॅशला हा पहिला आणि स्वस्त उपाय.

मात्र एक्स्पोर्टला सॉफ्टवेअर प्रॉक्सी बाजूला ठेवून मूळ फाईलकडेच जातं. तुम्ही मुद्दाम 'यूज प्रॉक्सीज' निवडलं तरच प्रॉक्सी वापरली जाते, पण मग दर्जा जातो. म्हणजे मूळ फाईलच गोंधळ घालत असेल, तर आठवडाभर निर्धास्त काम करूनही शेवटच्या रात्री एक्स्पोर्ट अडतोच. क्लायंटला फाईल द्यायच्या दिवशी हे कळणं फार वाईट.

ट्रान्सकोडमध्ये मूळ फाईलची जागाच नवी फाईल घेते, त्यामुळे एक्स्पोर्टलाही फायदा होतो. कॅमेऱ्याच्या एच.२६४ किंवा एच.२६५ फाईलमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते. एक फ्रेम दाखवायला आजूबाजूच्या अनेक फ्रेम्स उलगडाव्या लागतात. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. एच.२६४-एच.२६५मध्येही १०-बिट ४:२:२ (जास्त रंगमाहिती असलेलं) फुटेज सर्वांत त्रासदायक, कारण आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या एन्व्हिडिया कार्डांत ते कार्डाच्या हार्डवेअरवर डिकोड होत नाही, म्हणजे उलगडलं जात नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला ४:२:२ एच.२६५ जमतं, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) हे ग्राफिक्स बंद नाही ना, एवढं तपासा. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच नसतं.

ट्रान्सकोडची किंमत डिस्कमध्ये मोजावी लागते. १०० मेगाबिटचं फुटेज तासाला ४५ जीबी घेतं. तेच ४के, २५ फ्रेम्सला प्रोरेस ४२२ केलं की साधारण २२० जीबी. शिवाय एका प्रवाहाला सेकंदाला ६० एमबीहून जास्त वाचन लागतं. तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम साध्या फिरत्या डिस्कवर ठेवलात तर क्रॅशऐवजी अडखळणं पदरात पडेल. इथे एसएसडीच हवी.

म्हणून आमचं मत: सरसकट ट्रान्सकोड करू नका. प्रॉक्सीवर काम करा आणि ज्या क्लिप अडवतात तेवढ्याच बदला. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून 'रेंडर अँड रिप्लेस', रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस'. दोषी क्लिप शोधायला अर्धी टाइमलाइन एक्स्पोर्ट करा, मग जी बाजू बंद पडते तिचा पुन्हा अर्धा भाग. पाच-सहा खेपांत क्लिप सापडते. दरवेळी एकाच टक्क्यावर बंद पडत असेल तर ही पद्धत नक्की लागू होते.

अपवाद मोबाइलच्या फुटेजचा आणि स्क्रीन रेकॉर्डिंगचा. त्यात फ्रेम रेट सतत बदलत असतो. आवाज सरकतो, कधी सॉफ्टवेअरही कोसळतं. अशा फाईली इंपोर्ट करण्याआधीच बदलाव्यात. हँडब्रेकमध्ये 'व्हिडिओ' टॅबवर 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा आणि फ्रेम रेट प्रोजेक्टइतकाच ठेवा. इथे प्रॉक्सीवर भिस्त ठेवू नका.

रिझॉल्व्हमध्ये 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येत असेल तर दोष फुटेजचा नसून नॉइज रिडक्शनसारख्या जड इफेक्टचा असण्याची शक्यता जास्त. टाइमलाइन १०८०पीवर ठेवून काम करा. एक्स्पोर्टआधी ती पुन्हा ४के करा, जड क्लिपचा रेंडर कॅशे (इफेक्टसह आधीच तयार केलेली प्रत) बनवा आणि डिलिव्हर पेजवर 'यूज रेंडर कॅश्ड इमेजेस'वर टिक करा.

आणि दरवेळी वेगळ्याच ठिकाणी बंद पडत असेल, तर दोन्ही पर्याय थांबवा. विंडोजच्या सर्चमध्ये 'रिलायबिलिटी' टाईप करून 'रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा आणि क्रॅशच्या नोंदीतलं 'फॉल्ट मॉड्यूल' वाचा. एन्व्हिडियाची फाईल दिसली तर स्टुडिओ ड्रायव्हर 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक करून पुन्हा टाका. प्लगइनचं नाव दिसलं तर ते काढून पाहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया-लॉगर'च्या (WHEA-Logger) नोंदी असतील तर दोष हार्डवेअरमध्ये आहे: बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) बंद करा आणि मेमटेस्ट८६ने रॅम तपासा. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट टाळू नका. त्यातल्या जादा व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४मध्ये बायोस अपडेटमधून मायक्रोकोड (प्रोसेसरची अंतर्गत दुरुस्ती) दिला आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.