मोबाइल टॉवर कुठे बसवावा: मोकळ्या जागेत, गच्चीवर की दिव्याच्या खांबावर?

वसाहतीत रेंज सगळ्यांनाच हवी असते, टॉवर मात्र पलीकडच्या गल्लीत. त्यामुळे जागा ठरवायची बैठक बहुतेक वेळा ‘लांब कुठेतरी’ इथवर येऊन थांबते. पण टॉवर लांब गेला की फोनला ओरडून बोलावे लागते. ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॅट शक्ती वापरतो. टॉवर जवळ असेल तर त्याचे फार कमी शक्तीत भागते. आणि कानाला लागलेला असतो तो फोन, टॉवर नव्हे. म्हणून आधी रेंज नेमकी कुठे तुटते ते शोधा. संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, घरांच्या आत फिरून नकाशा करा; रस्त्यावर उभे राहून पाहिलेली रेंज फसवी असते.

मोकळ्या जागेतला उंच खांब सगळ्यांना नकोसा वाटतो, कारण तो दिसतो. त्याची भूमिती मात्र रहिवाशांच्या बाजूची आहे. अँटेनाचा झोत जवळपास आडवा जातो, खाली फक्त काही अंश झुकवलेला असतो. उंची ३० मीटर आणि झुकाव ६ अंश धरला, तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो तो सुमारे २८५ मीटरवर. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते ती इकडेतिकडे सांडलेली थोडीशी ऊर्जा. शिवाय एकाच खांबावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना बसतात, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरा टॉवर उभा राहण्याची शक्यता कमी. खरा त्रास असतो जनरेटरचा; त्याची जागा कोणाच्या खिडकीखाली येते ते आधी पाहा. आणि खांब वसाहतीच्या अगदी टोकाला ढकलू नका. निम्मा झोत ओसाड जागेवर पडेल आणि दुसऱ्या टोकाची घरे कोरडी राहतील.

गच्चीवरचा टॉवर स्वस्तात आणि लवकर उभा राहतो, वर इमारतीला भाडेही मिळते. इथेच गोम आहे. १२ मीटर उंचीवरून तोच ६ अंशांचा झोत ११५ मीटरच्या आसपास जमिनीवर येतो, आणि वाटेत तेवढ्याच उंचीची इमारत असेल तर तिचे वरचे मजले थेट झोतात सापडतात. भाडे आपल्याला, झोत शेजाऱ्याला! भोवतालात सर्वांत उंच इमारत आपलीच असेल तरच हा पर्याय विचारात घ्यावा. वजन आणि वाऱ्याचा दाब स्लॅबला झेपतो का, हे कंपनीने सुचवलेल्या नव्हे, आपण नेमलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्या.

दिव्याच्या खांबांवरचे छोटे सेल, म्हणजे लहानसे टॉवरच, डोळ्यांना खुपत नाहीत. त्यांची शक्ती कमी, पोहोचही शे-दोनशे मीटरची. म्हणून संख्या वाढते आणि प्रत्येक खांबापर्यंत वीज व फायबर न्यावी लागते, म्हणजे रस्ते खणणे आलेच. त्यात अशा सेलवर अनेकदा असणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे जास्त वारंवारितेच्या लहरी दाट पानांत आणि भिंतींत ७०० मेगाहर्ट्झपेक्षा लवकर दम तोडतात. गजबजलेल्या बाजाररस्त्याला हे उत्तम. विखुरलेल्या, झाडांनी वेढलेल्या बैठ्या घरांना परवडणारे नाही.

आरोग्याचा प्रश्न तिन्ही ठिकाणी निघणारच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकले. म्हणजे धोका शक्य आहे, पण पुरावा तोकडा. लहरींच्या तीव्रतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅट, तर १८०० ला ९ वॅट. टॉवर सुरू झाल्यावर जवळच्या घरांत मोजणी करून घेण्याची अट मान्य करून घ्या. वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

माझे मत विचाराल तर विखुरलेल्या वसाहतीसाठी मध्याच्या जवळचा, कंपन्यांनी वाटून घेतलेला एकच उंच खांब. पाण्याची उंच टाकी आधीच उभी असेल तर त्याहूनही बरे, फक्त टाकीच्या रंगकामाच्या वेळी अँटेना कोण हलवणार हे लिहून ठेवा. छोटे सेल मग गर्दीच्या एखाद्या रस्त्यापुरते जोडीला.

करारात दोन ओळी विसरू नका: नवीन अँटेना चढवण्याआधी लेखी परवानगी, आणि मुदत संपल्यावर पायासकट सगळे कंपनीने स्वखर्चाने काढून नेणे.