सेकेनानी गेटवर उघडी पडणारी फसवणूक: मसाई मारा-सेरेंगेटी बुक करण्याआधी

मसाई मारा सफारीतली फसवणूक बुकिंगच्या वेळी होते, पण कळते ती सेकेनानी गेटवर, म्हणजे केनियातल्या मारा राखीव क्षेत्राच्या प्रवेशद्वारावर. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तास प्रवास करून लोक तिथे पोचतात. गाडी थांबली की मण्यांच्या माळा आणि बांगड्या घेऊन मसाई बायका खिडकीशी येतात. ड्रायव्हर कागद घेऊन तिकीट खिडकीवर जातो आणि परत येऊन सांगतो की ऑफिसने पार्क फी भरलेली नाही. तुमचं कार्ड द्या, कंपनी नंतर पैसे परत करेल. दुपारचे चार वाजलेले असतात आणि मुंबई-पुण्यातला एजंट फोन उचलत नाही. मुलं गाडीत कंटाळलेली असतात. लोक कार्ड देतात, आणि ते पैसे सहसा परत येत नाहीत.

ड्रायव्हरवर चिडून तिथे उपयोग नसतो. तो बहुतेकदा रोजंदारीवर असतो आणि त्याला खरोखरच पैसे मिळालेले नसतात. खोट असते ती चार महिने आधी व्हॉट्सॲपवर आलेल्या कोटेशनमध्ये. ती तेव्हाच दिसू शकते, फक्त पार्क फीचा हिशेब स्वतः मांडावा लागतो.

मारा राखीव क्षेत्राची फी नारोक काउंटी, म्हणजे तिथलं स्थानिक सरकार, ठरवते. 2024 पासून परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर असा दर आहे. 9 ते 17 वयाच्या मुलांना 50 डॉलर. हे तिकीट बारा तासांचं असतं, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. चोवीस तासांचं नाही, आणि सगळा घोळ इथेच घातला जातो. राखीव क्षेत्राच्या आतल्या कँपमध्ये राहणाऱ्यांना निघायच्या दिवशी सकाळी 10 पर्यंत बाहेर पडण्याची मुभा आहे. गेटबाहेर राहणाऱ्यांना मात्र दर दिवशी आत शिरताना नवं तिकीट काढावं लागतं.

आता दिवाळीच्या सुट्टीतलं ‘मारा 2 रात्री 3 दिवस’ घ्या. कँप गेटबाहेर आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळची गेम ड्राइव्ह (गाडीतून प्राणी बघायची फेरी), दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस, तिसऱ्या दिवशी सकाळची ड्राइव्ह असं कागदावर लिहिलंय. म्हणजे तीन तिकिटं, माणशी 600 डॉलर, नवरा-बायकोचे 1200. यात गाडी, डिझेल, ड्रायव्हर, कँप, जेवण काहीच आलेलं नाही. त्याच तीन दिवसांचं सगळं मिळून कोणी माणशी 550 डॉलरमध्ये देत असेल, तर तो पदरचे पैसे घालत नाहीये. तो ड्राइव्ह कापणार आहे. पहिल्या संध्याकाळी ‘उशीर झाला’ म्हणून गेटबाहेरच्या माळावर फिरवलं जातं, तिथे झेब्रे आणि गुरं एकत्र चरत असतात. तिसऱ्या दिवशी ‘नैरोबी लांब आहे’ म्हणून नाश्ता करून थेट परत. तीन दिवसांच्या पैशात माराच्या आत एकच दिवस मिळतो, आणि कित्येकांना घरी आल्यावरही हे लक्षात येत नाही, कारण त्या एका दिवसात सिंह दिसलेला असतो.

म्हणून कोटेशन मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: पार्क फीची किती तिकिटं धरली आहेत, कोणत्या तारखांची, आणि माणशी दर काय. ‘ऑल पार्क फीज इन्क्लुडेड’ या एका ओळीवर समाधान मानू नका. फी भरल्याची पावती निघते. प्रत्येक दिवशी गेटवर तिचा फोटो काढून ठेवा, त्यावरचा माणसांचा आकडा आणि तारीख बघा. पावती दाखवायला ड्रायव्हर टाळाटाळ करत असेल तर तिथेच एजंटला लेखी मेसेज करा.

राहण्याच्या जागेतली फसवणूक ‘किंवा तत्सम’ या दोन शब्दांत लपलेली असते. ब्रोशरमध्ये नदीकाठच्या तंबूचा फोटो आणि खाली बारीक अक्षरात ‘ऑर सिमिलर’. प्रत्यक्षात सेकेनानी किंवा तालेक गेटबाहेरच्या वस्तीला लागून असलेला स्वस्त कँप मिळतो, जिथे रात्री जनरेटर बंद झाला की गरम पाणी नाही आणि मोबाइलही चार्ज होत नाही. स्वस्त कँप घेण्यात काही गैर नाही. बरेच चांगलेही आहेत, पण मग किंमत त्याचीच द्यावी. कँपांची नावंही सारखी-सारखी असतात. एकाच नावात ‘मारा’, ‘रिव्हर’, ‘सफारी’ हे शब्द उलटसुलट केलेले आढळतात. नकाशावर कँपचं नेमकं ठिकाण बघा आणि एजंटला सरळ विचारा: गेटच्या आत, गेटबाहेर, की कंझर्व्हन्सीत (राखीव क्षेत्रालगतच्या खासगी संरक्षित जमिनीवर)? नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ या खासगी कंझर्व्हन्सींची फी वेगळी असते आणि तिथे राहून मुख्य राखीव क्षेत्रात जायचं तर ते तिकीट पुन्हा वेगळं.

व्हाउचर हातात आलं म्हणजे खोली पक्की झाली असंही नाही. पूर्व आफ्रिकेत कँप आधी ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरती खोली धरून ठेवतात. ठराविक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर ती सुटते. काही एजंट त्या तात्पुरत्या बुकिंगचाच कागद ‘कन्फर्म’ म्हणून देतात, तुमचे पैसे दुसऱ्या ग्रुपच्या देण्यात वापरतात आणि नंतरच्या ग्रुपचे पैसे आले की तुमचे भरू असं गणित मांडतात. एखादा ग्रुप रद्द झाला की साखळी तुटते. यावर उपाय सोपा आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी कँपच्या वेबसाइटवरचा ईमेल शोधून बुकिंग क्रमांक, तारखा आणि नावं पाठवा आणि एकच विचारा: हे बुकिंग कन्फर्म आहे की प्रोव्हिजनल? प्रामाणिक एजंटला यात अडचण वाटत नाही.

विमान तिकिटाचंही तसंच. पीएनआर असणं म्हणजे तिकीट निघालेलं असणं नव्हे. पीएनआर पैसे न भरताही तयार होतो आणि काही दिवसांत आपोआप रद्द होतो. तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा. केनिया एअरवेजचं तिकीट 706 ने सुरू होतं. नैरोबीहून माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर ते बहुधा विल्सन विमानतळावरून सुटतं, आंतरराष्ट्रीय विमानतळावरून नाही. सामानाची मर्यादा साधारण 15 किलो असते आणि बॅग मऊ लागते. दोन विमानतळांमधली गाडी पॅकेजमध्ये आहे का, हेही विचारून घ्या.

गाडीच्या बाबतीत प्रश्न फक्त आरामाचा नाही. पैसे घेतले जातात छत उघडणाऱ्या फोर-बाय-फोर लँड क्रूझरचे आणि दाराशी येते व्हॅन. माराची माती काळी आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या रानासारखी, एक सर पडली की चाकं रुतायला लागतात. व्हॅन अशा वेळी मुख्य रस्त्यावरच थांबते आणि नदीकाठचे, दलदलीकडचे भाग दिसतच नाहीत. करारात गाडीचा प्रकार, आत किती प्रवासी आणि प्रत्येकाला खिडकी आहे का, हे लिहून घ्या. ‘प्रायव्हेट’ म्हणून विकलेल्या गाडीत अनोळखी चार माणसं बसलेली दिसली तर प्रवास सुरू होण्याआधी, नैरोबीच्या हॉटेलच्या दारातच हरकत घ्या. नारोक ओलांडल्यावर बदली गाडी मिळत नाही.

मायग्रेशनच्या, म्हणजे विल्डेबीस्ट या गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या कळपांच्या वार्षिक स्थलांतराच्या नावावर सगळ्यात उघड खोटं विकलं जातं. आपल्याकडे शाळांना सुट्ट्या असतात मे महिन्यात, आणि मे महिन्यातच ‘ग्रेट मायग्रेशन स्पेशल’च्या जाहिराती येतात. विल्डेबीस्टचे कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. मे महिन्यात ते टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात आणि केनियात मार्च ते मे लांब पावसाचा काळ असतो. फेब्रुवारीच्या आसपास ते दक्षिणेला न्दुतूकडे असतात, पिल्लं जन्मतात ती तिथेच. दिवाळी लवकर आली तर मारात शेवटचे कळप मिळू शकतात, नोव्हेंबरात आली तर बहुतेक परत दक्षिणेकडे गेलेले असतात. मे महिन्यात मारा वाईट नसतो. गवत हिरवं असतं, गर्दी कमी, फी निम्मी, सिंह-चित्ते-हत्ती तिथेच राहणारे. पण मारा नदी ओलांडणारे कळप दाखवण्याची ‘गॅरंटी’ कोणी कोणत्याही महिन्यात देत असेल, तर त्याच्याशी व्यवहारच करू नका. कळप काठावर चार तास उभे राहून मागे फिरतात. ते कोणाच्या हातात नसतं.

टांझानियाचा हिशेब वेगळा. तिथे तिकीट चोवीस तासांचं असतं. सेरेंगेटीचा दर 70 डॉलर, त्यावर 18 टक्के व्हॅट म्हणजे माणशी 82.60. अरुशाहून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता न्गोरोन्गोरो संरक्षित क्षेत्रातून जातो, त्याचे 60 अधिक व्हॅट म्हणजे 70.80, जाताना आणि येतानाही. न्गोरोन्गोरोच्या विवरात उतरायचं तर गाडीमागे 250 अधिक व्हॅट, 295 डॉलर. दोघांनी सेरेंगेटीत दोन रात्री काढून येताना विवर केलं तर एवढ्यावरच 908.60 डॉलर होतात. सेरेंगेटीत रात्री राहण्याची फी त्याहून वेगळी. स्वस्त कोटेशनमध्ये पहिल्यांदा गळतं ते विवर. कार्यक्रमपत्रिकेत ‘न्गोरोन्गोरो व्ह्यू पॉइंट’ असं लिहिलं असेल तर वरून फोटो काढून पुढे जायचं आहे, खाली उतरायचं नाही. ‘क्रेटर डिसेंट’ हे शब्द असायला हवेत.

मारा आणि सेरेंगेटी नकाशावर एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यामुळे ‘सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी’ असं लिहून लोकांना भुलवलं जातं. तिथली बोलोगोन्जाची सीमा पर्यटकांसाठी 1977 पासून बंद आहे. रस्त्याने जायचं तर पश्चिमेला इसेबानिया-सिरारी नाक्यावरून वळसा घालावा लागतो, दिवस जवळजवळ त्यातच जातो, आणि सीमेवर केनियाची गाडी सोडून टांझानियाची घ्यावी लागते. ज्याच्या कागदावर हा वळसा नाही, त्याने हा प्रवास कधी कोणाला घडवलेला नाही.

व्हिसाच्या नावाखाली उकळलेली रक्कम छोटी असते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, सुरू केलं. मूळ फी 30 डॉलर आणि वर थोडा प्रक्रिया खर्च. सरकारी साइटचा पत्ता गो डॉट केई ने संपतो. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींच्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात, पासपोर्टची प्रतही त्यांच्याकडे जाते. टांझानियाचा साधा ई-व्हिसा 50 डॉलर. पूर्व आफ्रिकेचा एकत्रित पर्यटक व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडासाठी आहे, टांझानिया त्यात नाही. ‘एकाच व्हिसात दोन्ही देश’ हे ऐकलं तर तिथेच थांबा.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. काही एजंट सुई न टोचता कार्ड आणून देतात. केनियाहून भारतात परतताना हे प्रमाणपत्र तपासलं जातं आणि ते वैध नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. बनावट कागदाने आजारापासून संरक्षणही मिळत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरतात. गरोदर, साठीपुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

पैसे कोणाला जातायत याकडे शेवटी सगळं येतं. इथला एजंट बहुतेकदा फक्त विक्रेता असतो, सफारी चालवतो नैरोबी किंवा अरुशाचा ग्राउंड ऑपरेटर. त्याचं नाव विचारा. केनियातल्या ऑपरेटरकडे टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचा परवाना लागतो आणि बरेच जण केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स, म्हणजे काटोचे सदस्य असतात. टांझानियात ‘टाला’ नावाचा पर्यटन व्यवसायाचा परवाना असतो. वेबसाइटवरचा लोगो कोणीही चिकटवतो, म्हणून सदस्य यादी काटोच्या साइटवरच बघा. परदेशी ऑपरेटरला थेट पैसे पाठवताना खातं कंपनीच्या नावावर आहे ना, हे पाहा. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल मध्येच आला तर तो ईमेल हॅक झाल्याचा नेहमीचा प्रकार असतो. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका.

इथल्या एजंटला गूगल पेवर मालकाच्या वैयक्तिक खात्यात रक्कम देणं टाळा. परदेशी पॅकेजवर तो टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतो. दर बजेटनुसार बदलतो, पण ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होऊन आयकर खात्याच्या फॉर्म 26एएसमध्ये दिसायला हवी, रिटर्न भरताना ती वळती होते. टीसीएस घेतला आणि 26एएसमध्ये काहीच नाही, म्हणजे त्याने ती रक्कम सरकारकडे भरलेली नाही. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांवर सेवा न मिळाल्यास बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे रक्कम परत, मागता येतो, रोख रकमेवर तो मागता येत नाही.

फसवलं गेल्याचं कळलं आणि पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ला फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच. सहल झाली पण कबूल केलेलं मिळालं नाही, तर ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, एजंटचं ऑफिस कुठेही असो. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथे उपयोगी पडतात ते गेटवरच्या पावत्यांचे फोटो, नंबर प्लेट दिसणारा व्हॅनचा फोटो, कँपच्या पाटीचा फोटो, आणि त्याच दिवशी एजंटला पाठवलेला तारीख-वेळ असलेला मेसेज. परत आल्यावर लिहिलेल्या लांबलचक पत्रापेक्षा मारातून केलेल्या त्या दोन ओळींचं वजन जास्त असतं, कारण एजंटचा पहिला बचाव हाच असतो की तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.