रत्नागिरीत भाड्याचे घर : आधी उणे सांगणारा एजंट

जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलीच्या जागी रुजू व्हायचे होते आणि त्याआधी सासूबाईंसह आम्हा चौघांसाठी रत्नागिरीत घर मिळवायचे होते. पहिल्या एजंटने फोनवर "सगळी सोय आहे" एवढेच सांगून आम्हाला कोल्हापूरहून आंबा घाट उतरून बोलावले आणि दाखवले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचे घर. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, हे मी त्याला दोनदा सांगितले होते. त्या दिवशीचा त्यांचा ओशाळलेला चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणूनच मारुती मंदिर परिसरातील दुसऱ्या एजंटविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. घर दाखवण्याआधी त्यांनी फोनवर बराच वेळ नुसती विचारपूस केली : दिवसा घरी कोण असते, गाडी कोणती, भाडे किती झेपेल, जिना चालेल का. सांगितलेले सगळे त्यांनी वहीत उतरवून घेतले आणि शेवटी मला वाचून दाखवले. नंतर दोनच घरे दाखवली. दोन्ही तळमजल्याची होती.

नाचणे रस्त्याजवळचे जांभ्या दगडाचे घर पाहताना त्यांनी स्वतःच मागच्या खोलीतील कपाट पुढे ओढले आणि भिंतीवर हात ठेवला. गिलाव्याला लोणा फुटलेला होता, हाताला पांढरी भुकटी लागली. "ताई, पावसात ही भिंत ओल धरते. इथे गाद्या, पुस्तके ठेवू नका. पटत असेल तरच पुढे बोलू," असे ते म्हणाले. मग परसातील विहिरीवरची जाळी सरकवून त्यांनी आत बघायला लावले. मे महिना असल्याने तळाचे खडक दिसत होते. पाऊस लागेपर्यंत टँकर मागवावा लागेल आणि त्याचे पैसे भाडेकरूने द्यायचे की मालकाने, हे आजच ठरवून घ्या, असेही त्यांनी सुचवले. घराचे उणे आधी कळल्यामुळे पुढे त्यांनी सांगितलेल्या चांगल्या गोष्टींवर माझा विश्वास बसला.

घरमालक मुंबईला असतात आणि गणपतीला सहकुटुंब गावी येतात. कोकणात मालकाला या दिवसांत आपले घर हवेच असते, आणि ही गोष्ट आयत्या वेळी निघाली की दोन्हीकडची मने दुखावतात. एजंटने मालकांना फोन लावून आमच्यासमोरच विषय काढला, आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत पुढची खोली व ओटी त्यांच्याकडे, स्वयंपाकघर दोघांचे, असे ठरवून ते करारात लिहिले. मालक काहीसे चढ्या आवाजात बोलत असताना त्यांनी मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घेतले आणि मग आमची अडचण त्यांना सांगितली. असे दोन्हीकडचे ऐकणारे एजंट मला फार थोडे भेटले आहेत.

करार 11 महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याची फक्त परवानगी देणारा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, हे त्यांनी सोप्या मराठीत समजावले. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असते, पण ते केवळ भाड्यावर नव्हे, तर अनामत रकमेवर धरलेल्या व्याजावरही लागते, हा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी घेतली. ती पहिल्याच फोनवर सांगितलेली होती.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. सुरुवातीला, प्रश्न मी विचारत असतानाही, ते उत्तरे माझ्या यजमानांकडे पाहून देत होते. मी स्पष्ट सांगितल्यावर तसे पुन्हा घडले नाही. दुसरे, घरातील गिझर, पंखे, नळ यांची यादी त्यांनी तोंडीच सांगितली. अनामत परत घेताना वाद होतो तो नेमका याच वस्तूंवरून, त्यामुळे मी आग्रहाने यादी लिहून घेतली आणि फोटो काढून ठेवले. हे काम एजंटने आपणहून करायला हवे.

गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. मालक कोणत्या गाडीने उतरणार, माणसे किती, पुढची खोली कधी मोकळी करायची, हे सगळे त्यांनी विचारून ठेवले होते. मालकीणबाईंना सासूबाईंच्या गुडघ्यांविषयीही त्यांनी आधीच सांगितले होते. त्या आल्या तेव्हा ओटीवर बसायला उंच खुर्ची घेऊनच आल्या.