उजवे पान, डावे पान : नोंदवहीचा आठ महिन्यांचा अनुभव

वाचलेली पुस्तके आणि पाहिलेले चित्रपट यांच्या नोंदींसाठी मी आठ महिन्यांपूर्वी अप्पा बळवंत चौकातून जाड पुठ्ठ्याची, 200 पानी आखीव वही घेतली. बांधणी उत्तम आहे. रोज पिशवीतून हिंडूनही एकही पान सुटलेले नाही. कागद मात्र शाईच्या पेनासाठी साफ निकामी आहे. अक्षर फुटते आणि पाठीमागे उमटते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यापासून मी फक्त उजव्या पानावर लिहू लागलो. निम्मी वही वाया जाणार, याची पुणेरी हळहळ वाटलीच.

पुढे ती डावी पानेच कामी आली. काही आठवड्यांनी त्याच कलाकृतीविषयी पुन्हा काही सुचले, की उमटलेल्या शाईच्या डागांमधून वाट काढत मी तिथे शिसपेन्सिलीने लिहितो.

जब्बार पटेल यांचा 1979 चा ‘सिंहासन’ पाहिला, त्या रात्रीची उजवीकडची नोंद म्हणजे निव्वळ वाहवा आहे : निळू फुले यांचा पत्रकार दिगू टिपणीस आणि त्याचे शेवटचे अंगावर येणारे हसणे, एवढेच. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या ज्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, त्या मी नंतर ओळीने वाचल्या. महिन्याभराने डावीकडे लिहिले, की ‘मुंबई दिनांक’मध्ये मला शहर आधी दिसते आणि सत्ता मागाहून, पडद्यावर मात्र मुख्यमंत्री झालेले अरुण सरनाईक आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले श्रीराम लागू यांच्यापुढे ते शहर जरा मागे सरते. दोन कादंबऱ्या एका चित्रपटात बसवताना हे व्हायचेच, अशी सवलतही मी तिथल्या तिथे देऊन टाकली आहे. आता ती घाईची वाटते.

‘बनगरवाडी’च्या बाबतीत उलटे झाले. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी आधी वाचली होती, त्यामुळे अमोल पालेकरांचा 1995 चा चित्रपट पाहिल्यावर उजवे पान काय काय गाळले याच्या तक्रारींनी भरले. डावीकडे एकच ओळ आहे : ‘तक्रारदाराने पुस्तक पुन्हा चाळावे.’ चाळले, तेव्हा त्या यादीतल्या दोन गोष्टी पुस्तकातही सापडल्या नाहीत. त्या मीच मनाने घातल्या होत्या.

वही आता संपत आली आहे. पुढची आणायला गेलो, तेव्हा शाई न फुटणाऱ्या कागदाची वहीही दुकानात होती. मी पुन्हा हीच घेतली.