ऑर्बिस : दिनारांत मोजलेली अंतरे आणि खापरांची साक्ष

रोमन साम्राज्यातील एका शहरातून दुसऱ्या शहरात माल न्यायला किती दिवस लागत आणि किती खर्च येई, याचा हिशेब करून देणारी ‘ऑर्बिस’ ही सेवा स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१२ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. इतिहासकार वॉल्टर शायडेल आणि डिजिटल मांडणीचे तज्ज्ञ इलायजा मीक्स यांनी ती उभारली. बहुतेक लोक ती घटकाभर गंमत म्हणून पाहतात, रोम ते लंडन किती दिवस लागत ते वाचतात आणि पुढे जातात. प्राचीन नगरांच्या अर्थकारणाचा पुरातत्त्वाच्या अंगाने अभ्यास करणाऱ्याला तिचा काय उपयोग, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझ्या मते ऑर्बिसचा हिशेब उत्खननातील पुराव्याशी जिथे जुळत नाही, त्या जागा अभ्यासकाला सर्वांत जास्त शिकवतात. आणि नेमकी ती तुलना करून पाहण्याची सोय या सेवेत नाही, ही तिची मोठी उणीव आहे.

सेवेची रचना समजायला सोपी आहे. इ.स. २००च्या सुमाराचे साम्राज्य डोळ्यांसमोर ठेवून ७५१ ठिकाणे नकाशावर घेतली आहेत. त्यांत बहुतांश नगरे आहेत, काही घाट आणि भूशिरेही आहेत. ही ठिकाणे ८४,६३१ किलोमीटर रस्त्यांनी, २८,२७२ किलोमीटर नद्या-कालव्यांनी आणि शेकडो सागरी मार्गांनी जोडलेली आहेत. वापरणाऱ्याने निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, महिना आणि प्रवासाचे साधन निवडायचे. सर्वांत जलद, सर्वांत स्वस्त की सर्वांत कमी अंतराचा मार्ग हवा तेही सांगायचे. रस्त्यावरील प्रवासाचे चौदा प्रकार दिले आहेत. बैलगाडी दिवसाला १२ किलोमीटर, पायी चालणारा माणूस ३०, तर टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत जाणारी डाक २५० किलोमीटर, असे वेग गृहीत धरले आहेत. समुद्राच्या बाबतीत सरासरी वेगावर भागवलेले नाही. त्या त्या महिन्यातील वारे लक्षात घेऊन शिडाच्या जहाजाला लागणारा वेळ काढला आहे, आणि या सेवेचे सर्वांत भक्कम अंग हेच आहे.

त्याची प्रचीती घ्यायची असेल तर जुलै महिना निवडून आधी रोमहून अलेक्झांड्रियाला जावे आणि मग तोच मार्ग उलटा विचारावा. उन्हाळ्यात पूर्व भूमध्य समुद्रावर वायव्येकडून वारे वाहतात. त्यामुळे रोमहून निघालेले रिकामे जहाज वाऱ्यासवे इजिप्तला पोहोचते. धान्याने भरलेल्या जहाजाला मात्र वाऱ्याला तोंड देत, वळसे घेत परतावे लागते आणि वेळ कितीतरी वाढतो. अंतर तेच असले तरी परतीचा मार्ग वेगळाच ठरतो. रोमसारख्या सुमारे दहा लाख वस्तीच्या शहराचे पोट इजिप्तच्या गव्हावर अवलंबून असताना जहाजाला वर्षातून किती खेपा करता येत, गोदामांत किती महिन्यांचा साठा लागे आणि क्लॉडियस व ट्रेजन या बादशहांनी टायबर नदीच्या मुखापाशी एवढी मोठी बंदरे का बांधली, हे प्रश्न या एका उलटसुलट प्रवासातून आपोआप उभे राहतात. त्यांपैकी पोर्तुस येथील ट्रेजनच्या षट्कोनी बंदराचे अवशेष पाहताना बादशाही भपक्यापलीकडचे कारण ध्यानात यायला हवे असेल, तर त्याआधी ऑर्बिस जरूर वापरावे.

खर्चाचा हिशेब रोमन बादशहा डायोक्लेशनने इ.स. ३०१ मध्ये काढलेल्या दरपत्रकावर आधारलेला आहे. त्या फर्मानाने गव्हाच्या एका लष्करी मापाची कमाल किंमत १०० दिनार (रोमन चलन) ठरवली होती आणि ते माप अलेक्झांड्रियाहून रोमला जहाजाने नेण्याचे भाडे १६ दिनार. १२०० रोमन पौंड, म्हणजे सुमारे ३९० किलो माल भरलेल्या गाडीचे भाडे मात्र मैलाला २० दिनार होते. म्हणजे समुद्र ओलांडून इटलीत आलेला गहू सहाव्या हिश्शाने महागे, आणि तोच गहू गाडीत घालून खुष्कीने नेला तर दीडशे ते तीनशे मैलांत त्याची किंमत दुप्पट होई. नेमका आकडा ते लष्करी माप किती मोठे धरायचे यावर ठरतो. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ मादराग द जियाँ येथे बुडालेले इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मद्यवाहू जहाज सुमारे ४०० टन माल नेणारे होते. एवढ्या मालाला वर सांगितलेल्या, ३९० किलो नेणाऱ्या हजारावर गाड्या लागल्या असत्या. इ.स. ३७०च्या सुमारास कॅपाडोशियातील (आजच्या तुर्कस्तानातील) सीझरिया येथे दुष्काळ पडला, तेव्हा किनाऱ्यावरच्या शहरांना टंचाई सहज निभावता येते, आतल्या प्रदेशातील शहरांना बाहेरून काही आणता येत नाही, असे नाझियान्झसचा ग्रेगरी या ख्रिस्ती धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. ऑर्बिसच्या नकाशावर सीझरियाला धान्य पोहोचवून पाहिले की त्या तक्रारीमागचे गणित दिसते.

येथपर्यंत कौतुक. या दरांचा आधार मात्र दिसतो तितका पक्का नाही. नकाशा आहे इ.स. २००चा आणि दर आहेत त्यानंतर शंभर वर्षांनी, चलनातील चांदी जवळजवळ नाहीशी होऊन भाव भडकल्यानंतरचे. शिवाय ते बाजारात प्रत्यक्ष मोजले गेलेले दर नव्हेत. याहून जास्त घेऊ नये म्हणून सरकारने घातलेल्या त्या मर्यादा आहेत, आणि त्या कितपत पाळल्या गेल्या याबद्दल तेव्हाच्याच लेखकांनी शंका घेतलेली आहे. म्हणून ऑर्बिसने दिलेला दिनारांचा आकडा एकट्याने वापरणे धोक्याचे आहे. दोन मार्गांची तुलना करताना, एक दुसऱ्याच्या किती पट महाग हे पाहताना तो चालतो. कर्त्यांनाही हे ठाऊक आहे आणि त्यांनी सोबतच्या लेखनात ते मांडलेही आहे, परंतु दशांश चिन्हासह पडद्यावर उमटणारे दिवस आणि दिनार पाहून नवख्या विद्यार्थ्याची समजूत वेगळी होते. या ठिकाणी एकाच आकड्याऐवजी किमान ते कमाल असा पल्ला दाखवला असता तर अधिक प्रामाणिक ठरले असते.

आता खापरांकडे वळू. रोममध्ये टायबरच्या काठी मोंते तेस्ताच्यो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे ऑलिव्ह तेलाच्या फुटक्या मातीच्या कुंभांची बनलेली आहे. त्यांची संख्या पाच कोटींच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. यांतील बहुसंख्य कुंभ स्पेनच्या दक्षिणेकडील बेटिका प्रांतातले, पोटाने गोल, जाड भिंतीचे आणि दोन कानांचे आहेत. एकोणिसाव्या शतकात हाइनरिख ड्रेसेल या जर्मन पुरातत्त्वज्ञाने केलेल्या कुंभांच्या वर्गवारीतील विसाव्या प्रकारात ते मोडतात. कानावर ठसा आणि अंगावर शाईने लिहिलेला मजकूर असतो : रिकाम्या कुंभाचे वजन, आतल्या तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव, कधीकधी तपासणीची नोंद आणि वर्ष. रिकामा कुंभ सुमारे ३० किलोचा आणि त्यात तेल सुमारे ७० किलो. ऑर्बिस वापरणाऱ्याने येथे थांबून विचार करावा, कारण या सेवेचा हिशेब गव्हाच्या किलोवर चालतो आणि तेलाच्या बाबतीत १०० किलोचे भाडे भरून हाती ७० किलोच माल पडतो. तेलाचा खरा वाहतूकखर्च हवा असेल तर आलेला आकडा जवळजवळ दीडपट करावा लागेल. असा फेरफार मालागणिक करण्याची सोय सेवेतच असायला हवी होती.

त्याहून मोठा प्रश्न भाडे कोण भरत होते हा आहे. याच बेटिकन कुंभांची खापरे ऱ्हाइन नदीकाठच्या लष्करी तळांवर आणि ब्रिटनमध्येही मुबलक सापडतात. ती तेथवर रोन नदीने वर जाऊन ऱ्हाइनमार्गे गेली की अटलांटिकच्या किनाऱ्याने, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे आणि दोन्ही मार्गांचा खर्च शेजारीशेजारी मांडून पाहायला ऑर्बिससारखे दुसरे साधन नाही. पण सैनिकांना लागणारे तेल शासन पुरवत असेल, तर स्वस्त मार्गाचा विचार व्यापाऱ्याइतक्या काटेकोरपणे झालाच असेल असे मानण्याचे कारण उरत नाही. कर, शिधा आणि सक्तीची वाहतूक या गोष्टी दरपत्रकातून दिसत नाहीत; तळावरच्या कचऱ्यात मात्र त्यांचा माग लागतो.

काही ठिकाणी हिशेब आणि पुरावा चोख जुळतात. जर्मनीतील आयफेल डोंगराळ भागात मायेन येथील ज्वालामुखी दगडाची दळणाची जाती ऱ्हाइनच्या काठाने आणि समुद्रापार ब्रिटनमध्ये दूरवर पसरलेली आढळतात, आणि एवढ्या वजनदार वस्तूने पाण्याचा मार्ग धरावा यात नवल नाही. ला ग्रोफसेंकचे उदाहरण मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून द्यावे असे आहे. दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या या कुंभारवस्तीतून पहिल्या शतकात तकतकीत लाल भांड्यांची प्रचंड निर्यात होत असे. भट्टी लावताना कोणाची किती भांडी आत ठेवली याच्या याद्या तेथे सापडल्या असून एकेका भट्टीत पंचवीस-तीस हजार नग भाजले जात, असे त्यांवरून दिसते. ही भांडी ब्रिटनपर्यंत गेली. पॉम्पेईत इ.स. ७९ च्या राखेखाली तेथूनच आलेली, अजून वापरात न आलेली सुमारे ९० नक्षीदार भांडी पेटीसकट मिळाली. म्हणजे ज्या इटलीत या प्रकारच्या भांड्यांचा उगम झाला, तेथेच ती विकायला आली होती. निव्वळ वाहतूकखर्च पाहिला तर एवढी निर्यात करायला ही जागा अगदी गैरसोयीची. मग माती, सरपण, कारागिरांची एकवट वस्ती, दुसऱ्या मालासोबत सांदीकोपऱ्यात भांडी भरून नेण्याची रीत यांपैकी कशाने हा तोटा भरून निघाला? हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारता येतो तो ऑर्बिसचा हिशेब हाताशी असल्यामुळेच.

पुरावाही निर्दोष नसतो, हे येथे नोंदवणे भाग आहे. ए. जे. पार्कर यांनी १९९२ मध्ये केलेल्या सूचीत भूमध्य समुद्रात बुडालेली हजारावर प्राचीन जहाजे आहेत आणि त्यांची संख्या इ.स.पूर्व पहिल्या व इ.स.च्या पहिल्या शतकांत शिगेला पोहोचते. त्यानंतरची घट व्यापाराची, की मद्य कुंभांऐवजी लाकडी पिंपांतून जाऊ लागल्यामुळे समुद्रतळावर काही उरले नाही म्हणून झाली, हे सूचीवरून ठरत नाही. गहू आणि कापड तर मागे जवळपास काहीच ठेवत नाहीत. ऑर्बिस गव्हाचा हिशेब मांडते आणि पुरातत्त्वाला सापडतात कुंभ. या दोहोंची सांगड घालण्याचे काम वापरणाऱ्यावरच येते.

नगरांचा विचार मात्र या सेवेत अगदीच कमी आहे. नकाशावरचा प्रत्येक ठिपका सारखाच असतो. रोम आणि एखादे डोंगरी ठाणे यांच्यात लोकसंख्येचा, मागणीचा, गोदामांचा किंवा बाजाराचा कोणताही फरक नाही. साम्राज्याच्या बाहेर पाहायचे तर हाती काही लागत नाही. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस या प्राचीन बंदराच्या व्यापारावर प्रकाश टाकणारा, दुसऱ्या शतकातला करारपत्राचा पपायरस ‘हर्मापोलोन’ नावाच्या जहाजावरील हस्तिदंत, जटामांसी अशा मालाची किंमत आणि सीमेवर द्यावा लागणारा २५ टक्के कर नोंदवतो. अशा मालाच्या बाबतीत किलोमागे किती भाडे पडले हा मुद्दा गौण आणि कर किती हा मुद्दा मुख्य ठरतो. हिंदी महासागराच्या अभ्यासकाने या सेवेकडून फार अपेक्षा ठेवू नये.

वापरायला ती अवघड नाही, फक्त स्थळनामे लॅटिन असल्याने लुग्दुनुम म्हणजे आजचे ल्यों हे माहीत असावे लागते. शेजारी एखादा ऐतिहासिक नकाशासंग्रह ठेवला की काम भागते. पुरातत्त्व, प्राचीन इतिहास किंवा आर्थिक भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ती वापरावी अशी माझी शिफारस आहे. मात्र सुरुवात दोन राजधान्यांची नावे टाकून करू नये. जिचे उगमस्थान आणि सापडण्याचे ठिकाण दोन्ही निश्चित आहे अशी एखादी वस्तू निवडावी, मायेनचे जाते किंवा बेटिकाचा कुंभ, आणि तिने घेतलेला असू शकेल असा प्रत्येक मार्ग वेगवेगळ्या महिन्यांत तपासून पाहावा.